वाऱ्याचा हिशोब मांडणारा माणूस : गुस्ताव्ह आयफेल

आयफेल टॉवर माहीत नाही असा माणूस विरळाच. फोटो स्टुडिओच्या पडद्यावर, वह्यांच्या कव्हरवर, की-चेनला... सगळीकडे तो उभा असतो. पण ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो गुस्ताव्ह आयफेल नक्की कोण होता असं विचारलं, तर आपण सिव्हिलवालेसुद्धा टॉवर बांधणारा एवढंच सांगून मोकळे होतो. खरं तर टॉवर हा त्याच्या आयुष्याचा मधला टप्पा. एक्क्याण्णव वर्षं जगलेल्या या माणसाने जन्मभर एकाच गोष्टीचा पाठलाग केला. ती गोष्ट म्हणजे वारा!

आता तुम्ही विचाराल, हे आजच का आठवलं? तर त्याचं कारण पॅरिसमध्ये नाही, वेल्ह्यात आहे. आमचं मूळ गाव वेल्हे तालुक्यात, म्हणजे सरकारदरबारी आता राजगड तालुक्यात. तोरणा, राजगड आणि मढे घाटाचा हा मुलूख. शेजारी भोर, तिथला हिर्डोशी खोऱ्याचा आणि वरंध घाटाचा भाग. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि त्याच दुपारी सह्याद्री ओलांडून इकडे आलं. भोर, वेल्हे, मुळशीच्या पट्ट्यात घरांचे आणि शाळांचे पत्रे उडाले. आमच्या घराचेही गेले. त्यानंतर जुनेच पत्रे गोळा करून, ठोकून, वरून प्लास्टिकचा कागद आणि दगड ठेवून आम्ही पाच पावसाळे काढले. शेवटी नवीन छप्पर टाकायचं ठरलं, आणि कोणतं टाकायचं यावरून घरात भांडणं सुरू झाली. त्याच दिवसांत मी सेमिनारसाठी आयफेलचं चरित्र वाचत होते. दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा मिसळल्या की आता त्या वेगळ्या करून सांगता येत नाहीत. म्हणून हा लेख थोडा त्याचा आणि थोडा आमच्या छपराचा.

गुस्ताव्हचा जन्म १५ डिसेंबर १८३२ चा, फ्रान्समधल्या दिजाँ गावचा. वडील पूर्वी सैन्यात होते, पण घर वर आणलं ते आईने. तिने कोळशाच्या व्यापारात चांगला जम बसवला होता. घराण्याचं मूळ आडनाव बोनिकहाउझन. पूर्वज जर्मनीतल्या आयफेल नावाच्या डोंगराळ भागातून आलेले, म्हणून लोक आयफेल म्हणू लागले. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं, अगदी तसंच! १८८० मध्ये त्याने हेच नाव कायद्याने लावून घेतलं.

आपल्याला दिलासा वाटेल अशी एक गोष्ट सांगते. फ्रान्समधल्या सगळ्यात नावाजलेल्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये त्याला प्रवेश मिळाला नाही. मग तो एकोल सेंट्रालमध्ये गेला आणि १८५५ मध्ये पदवी घेतली, तीही केमिकलची! नात्यातल्या एकांचा व्हिनेगरचा कारखाना होता, तिथे चिकटायचं असा सरळ बेत होता. पण घराघरांत वाद झाले आणि ती नोकरी हुकली. मग तो रेल्वेचं काम करणाऱ्या एका इंजिनिअरच्या हाताखाली लागला. केमिकलचा मुलगा लोखंडात आला तो असा.

पंचविशीतच त्याच्यावर बोर्दोच्या रेल्वे पुलाची जबाबदारी पडली. गारोन नदीवर सुमारे ५०० मीटर लांबीचा लोखंडी पूल. खोल पाण्यात पाया घ्यायचा तर दाबाखालची हवा वापरून पाणी बाहेर ठेवायचं, असं तंत्र त्याने तिथे वापरलं. तेव्हा ते नवीनच होतं. १८६० मध्ये पूल पुरा झाला आणि त्याचं नाव झालं. १८६२ मध्ये लग्न झालं, पुढे पाच मुलं झाली. १८६६ मध्ये पॅरिसजवळ लवालुआ-पेरे इथे त्याने स्वतःचा कारखाना काढला. १८७७ मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात डोरू नदीवर १६० मीटर गाळ्याची लोखंडी कमान उभी राहिली. त्याच वर्षी त्याची बायको वारली. त्याने पुन्हा लग्न केलं नाही. थोरली मुलगी क्लेअर हिने घर सांभाळलं आणि तो कामात बुडून गेला.

इथपर्यंत वारा हा त्याच्या गणितातल्या अनेक आकड्यांपैकी एक होता. पण २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री स्कॉटलंडमध्ये टे नदीवरचा पूल वादळात कोसळला. वरून चाललेली आख्खी आगगाडी नदीत गेली, सुमारे ७५ माणसं मेली. चौकशीत निघालं की वाऱ्याच्या जोराचा नीट हिशोबच धरला नव्हता, ओतकामही कच्चं होतं. सगळ्या युरोपातल्या इंजिनिअरांची झोप उडाली. आयफेल तेव्हा फ्रान्सच्या डोंगराळ भागात गाराबीचा पूल हातात घेत होता. १६५ मीटरची कमान, नदीपासून १२० मीटरपेक्षा जास्त उंच, आणि दरीतून येणारा वारा!

अशा वेळी साधारण माणूस काय करेल? सगळं जाडजूड करेल. आयफेलने उलटं केलं. भरीव तुळयांऐवजी त्याने जाळीचं बांधकाम घेतलं. वारा अडेल असा पृष्ठभाग जितका कमी, तितका त्याचा जोर कमी. आणि जो जोर येईलच, तो पायथ्याला जास्त फाकवलेल्या पायांतून जमिनीत उतरवायचा. वाऱ्याला छाती दाखवायची नाही, त्याला जायला वाट द्यायची, आणि आपण मात्र खाली घट्ट धरून उभं राहायचं. १८८४ मध्ये पूर्ण झालेला तो पूल आजही उभा आहे.

याच काळात न्यूयॉर्कच्या स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचा सांगाडा त्याच्याकडे आला. शिल्पकार बार्थोल्दी. बाहेरून दिसतो तो तांब्याचा पत्रा, जेमतेम अडीच मिलिमीटर जाड. विचार करा, भर बंदरात ४६ मीटर उंचीचा पुतळा आणि अंगावर नुसता पत्रा! आयफेलने आणि त्याच्या मॉरिस केश्लाँ या इंजिनिअरने मध्ये लोखंडी मनोरा उभा केला, आणि पत्रा त्याला लवचिक पट्ट्यांनी असा जोडला की वाऱ्याने आणि उन्हाने तो थोडा हलू शकेल, पण सुटणार नाही. १८८६ पासून तो पुतळा समुद्राचा वारा खातोय. एक दुखणं मात्र निघालं. तांबं आणि लोखंड एकमेकांना लागलं की लोखंड लवकर गंजतं. हे माहीत असल्यामुळे मध्ये थर घातला होता, पण शंभर वर्षांत तो झिजला आणि १९८४ ते ८६ मध्ये आतल्या पट्ट्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या घालाव्या लागल्या. मनोरा टिकला, पत्रा टिकला, झिजला तो जोड. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे छपराला लागणार आहे!

मग आला टॉवर. पहिली कल्पना त्याची नव्हती. १८८४ मध्ये केश्लाँ आणि एमिल नूगिए या त्याच्याच दोन इंजिनिअरांनी स्केच काढलं. साहेबांना आधी त्यात फारसा रस वाटला नाही. सोव्हेस्त्र या आर्किटेक्टने त्याला रूप दिल्यावर मात्र आयफेलने ते काम आपलं मानलं आणि त्यासाठी जीव टाकला. २८ जानेवारी १८८७ ला काम सुरू झालं, ३१ मार्च १८८९ ला संपलं. १८,०३८ भाग, २५ लाख रिव्हेट, सुमारे ७,३०० टन लोखंड, ३०० मीटर उंची. मोठमोठ्या लेखकांनी आणि कलावंतांनी जाहीर निषेध केला की हे धूड पॅरिसची शोभा घालवणार. पण त्या वळणदार पायांचा आकार शोभेसाठी नव्हताच. वाऱ्याचा जोर वरून खाली कसा वाढत जातो त्या हिशोबातून ती वक्र रेषा निघाली. म्हणजे वाऱ्यानेच तो टॉवर काढलाय म्हणा ना! जोराच्या वादळातही टोक काही सेंटिमीटरच हलतं.

आणि दुसरी गोष्ट, जी फोटोत दिसत नाही. आयफेलने रंगाला फार महत्त्व दिलं होतं. लोखंडाचं आयुष्य रंगावर आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेव्हापासून साधारण दर सात वर्षांनी टॉवर रंगवतात आणि एका वेळी जवळपास ६० टन रंग लागतो. वीस वर्षांच्या परवानगीवर उभारलेला टॉवर सव्वाशेच्या वर वर्षं टिकला तो असा.

पण नशीब फिरायला वेळ लागत नाही. पनामा कालव्याच्या कंपनीने १८८७ मध्ये जलपाशांचं काम आयफेलला दिलं होतं. १८८९ मध्ये ती कंपनी बुडाली. लाखो साध्या लोकांचे पैसे गेले, मोठा घोटाळा बाहेर आला आणि कालवा खणणाऱ्या लेसेप्सबरोबर आयफेलवरही खटला चालला. १८९३ मध्ये त्याला दोन वर्षं कैद आणि २०,००० फ्रँक दंड झाला. वरच्या कोर्टाने मुदतीच्या मुद्द्यावर तो निकाल रद्द केला, पण डाग लागायचा तो लागलाच. त्याने कंपनी सोडली. साठी उलटलेली, पैसा भरपूर, नाव खराब. दुसरा कोणी असता तर बंगल्यात बसून आठवणी लिहीत राहिला असता.

आयफेलने मात्र इथून वाऱ्याचा खरा अभ्यास सुरू केला! मला स्वतःला त्याच्या आयुष्याचा हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. आजवर आपण जो आकडा धरत आलो तो बरोबर आहे की नाही, हेच त्याला तपासायचं होतं. १९०३ पासून त्याने टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावरून, सुमारे ११५ मीटरवरून, तारेच्या आधाराने वेगवेगळ्या आकाराच्या पट्ट्या खाली सोडल्या आणि हवेचा विरोध मोजला. १९०९ मध्ये टॉवरच्या पायथ्याशी स्वतःच्या खर्चाने विंड टनेल बांधला. १९१२ मध्ये तो पॅरिसच्याच ओतय भागात हलवून मोठा केला. विमानाच्या पंखावर त्याने जागोजागी दाब मोजला आणि दाखवून दिलं की पंखाला खालून वारा ढकलतो त्यापेक्षा वरच्या बाजूचं शोषण जास्त काम करतं. म्हणजे विमान मुख्यतः वर ओढलं जातं. १९१३ मध्ये अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने त्याला लँगली पदक दिलं. तेव्हा तो ऐंशीचा होता.

आता चला वेल्ह्याला.

आमच्या घरी तीन पक्ष होते. चुलत्यांना, म्हणजे आण्णांना, स्लॅब हवा होता. एकदा टाकला की कटकट संपली, आणि चार लोकांत मानही. आजीला मंगलोरी कौलंच हवी होती, कारण उन्हाळ्यात गार आणि पावसात आवाज नाही. आणि चुलतभावाला पत्रा, कारण स्वस्त आणि दोन दिवसांत काम. मी कॉन्व्हेंटची. रूफ या एका शब्दात माझं सगळं संपायचं. आढं, वासे, रिपा, पाखं, वळचण हे शब्द मला या भांडणातच नीट कळले!

मग मी वही घेऊन बसले. आपल्या कोडप्रमाणे, म्हणजे आयएस ८७५ भाग ३, वाऱ्याचा दाब सेकंदाला मीटरमधल्या वेगाच्या वर्गाच्या ०.६ पट. ताशी १०० किलोमीटर वारा म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. दाब आला चौरस मीटरला साधारण ४७ किलो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. पुण्यासाठी कोडने धरलेला मूळ वेग ३९ मीटर, त्याला हाच दाब ९० किलोच्या पुढे जातो. हा पूर्ण दाब जर शोषण म्हणून वर ओढत असेल, तर? पातळ पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला साडेचार-पाच किलो. कौलांचं चाळीसच्या आसपास. म्हणजे दहा फुटी एका पत्र्याला वारा सव्वाशे-दीडशे किलोने वर खेचतो. दोन मोठी माणसं वर ओढतायत असं समजा. त्यावर आपण ठेवतो चार दगड!

सगळे म्हणतात वारा पत्रा ढकलून नेतो. पण वारा भिंतीवर आपटून वर चढतो, वळचणीपाशी आणि आढ्यापाशी पाख्यापासून सुटतो आणि तिथे शोषण तयार होतं. समोरचं दार-खिडकी उघडी असेल तर आत शिरलेला वाराही खालून उचलतो. आयफेलने पंखावर मोजलं तसंच काहीसं. आमच्या घरीही निसर्गच्या वेळी आधी कडेचे पत्रे गेले, मग मधले. पत्रे फाटले नव्हते. रिपांत ठोकलेले खिळेच उपसून आले होते. म्हणजे पत्रा टिकला, झिजला तो जोड!

मग तिन्ही पक्षांचा हिशोब केला. स्लॅब वाऱ्याला सगळ्यात भारी, यात वाद नाही. पण आमच्या भिंती मातीत रचलेल्या दगडाच्या. त्यांच्यावर स्लॅबचं वजन टाकणं धोक्याचं, म्हणजे पायापासून कॉलम घ्यावे लागणार. तेवढे पैसे नव्हते, आणि आमच्याकडच्या पावसात सपाट स्लॅब पुढे गळायला लागला की त्यावर पुन्हा पत्र्याचीच शेड करतात, हे गावात दिसतंच. कौलं जड, त्यामुळे साध्या वाऱ्याला बरी. पण ती नुसती रिपांवर टेकलेली असतात. कडेची कौलं जोराच्या झोताला सुटतात. शिवाय माकडं! आमच्या भागात माकडं कौलं फोडतात आणि दरवर्षी शाकारणी करणारी माणसं आता मिळत नाहीत. सिमेंटचे पत्रे मी पहिल्यांदाच बाद केले. त्यातले काही ॲस्बेस्टॉसचे असतात, कापताना-फुटताना त्याची धूळ छातीत जाते, आणि वादळात ते तुटून धारदार तुकडे उडतात.

शेवटी रंगीत जस्ताचा पत्राच ठरला, पण आयफेलच्या अटींवर. एक, उतार तीस अंशांच्या आसपास. फार सपाट पाख्यावर शोषण जास्त येतं आणि आमच्याकडचा पाऊसही वाहून जायला हवा. दोन, वळचण दीड फुटापेक्षा पुढे काढायची नाही, कारण तीच वाऱ्याच्या हातात सापडते. तीन, खिळा एकही नाही. जे-बोल्ट आणि वायसर, मध्ये ठरलेल्या अंतराने, आणि कडेला, आढ्याला, वळचणीला त्याच्या निम्म्या अंतराने. चार, बोल्टही जस्त चढवलेलेच, साधं लोखंड नको. पुतळ्याचं दुखणं आठवा. पाच, पत्रा कैचीला बांधला एवढ्याने भागत नाही. कैची भिंतीला आणि भिंत पायाला लोखंडी पट्टीने बांधलेली हवी, नाहीतर पत्र्यासकट कैची जाते. आणि सहा, दर मे महिन्यात शिडी लावून सगळे बोल्ट बघायचे, सैल ते आवळायचे, गंजले ते बदलायचे, ओरखड्यांवर रंग मारायचा. शाकारणी गेली असं समजू नका, ती फक्त कौलांवरून बोल्टांवर आली.

आण्णांना सहावी अट पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्यांचं म्हणणं, दरवर्षी बघावं लागणार तर टिकाऊ कसलं? प्रश्न चुकीचा नव्हता. मी त्यांना टॉवरच्या रंगाचं सांगितलं. जगातलं सगळ्यात प्रसिद्ध लोखंड अजून दर सात वर्षांनी हात फिरवून घेतं. आजीच्या गारव्यासाठी पत्र्याखाली लाकडी माळा कायम ठेवला, त्यामुळे आवाजही कमी होईल. स्लॅबला जेवढे लागले असते त्यापेक्षा खूपच कमी पैशांत काम झालं. यातलं वेल्डिंग आणि फिटिंग गावच्याच माणसांनी केलं. बोल्टांचं अंतर मी चुन्याच्या दोरीने आखून दिलं होतं.

आयफेलचा टॉवर १९०९ मध्ये परवानगी संपल्यावर पाडला जाणार होता. त्याने आधीपासूनच तिथे हवामानाची उपकरणं बसवली, वायरलेसच्या प्रयोगांना जागा दिली, पैसे दिले. टॉवर लष्कराच्या रेडिओसाठी इतका उपयोगी ठरला की पाडायचा विचार मागे पडला. २७ डिसेंबर १९२३ ला पॅरिसमध्ये त्याने शेवटचा श्वास घेतला. त्याचा ओतयचा विंड टनेल आजही जागेवर आहे.

मित्रांनो, आपण त्याला उंच बांधणारा म्हणून ओळखतो. मला तो घट्ट बांधणारा वाटतो. उंची त्याच्या २५ लाख रिव्हेटवर उभी आहे. भोर-वेल्ह्यासारख्या गावांत आपले एनएसएसचे कॅम्प होतात. आपण रस्ते झाडतो, झाडं लावतो, भिंतींवर संदेश लिहितो. पुढच्या कॅम्पला एक पाना आणि जे-बोल्टची पिशवी बरोबर घेऊया. शाळेच्या, अंगणवाडीच्या छपराच्या कडा तपासूया. चार वर्षं शिकून निदान एवढं तरी आपल्याला यायला हवं. जूनच्या आत गेलो तर बरं, कारण वारा आपल्या सबमिशनच्या तारखा पाहून येत नाही!